वैद्यकीय महाविद्यालयात मोठा, बारीक रेझोल्यूशनचा पडदा कसा उभारावा: बेळगाव सीमाभागातील सहकाऱ्यांसाठी

माझा विषय पॅथॉलॉजी. बेळगावातील एका वैद्यकीय महाविद्यालयात मी बरीच वर्षे शिकवतो आहे. खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडून मराठी माध्यमात शिकून आलेला विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसतो, "दिसलं का?" असे विचारल्यावर "हो सर" म्हणतो, आणि त्याला नेमके काय दिसले हे मला कळण्याचा मार्ग नसतो. तोच विद्यार्थी भिंतीएवढ्या पडद्यासमोर उभा राहिला की एका पेशीवर बोट ठेवतो आणि "ही वेगळी दिसते" असे म्हणतो. नाव त्याला ठाऊक नसते, पण नजर बरोबर जागी पोहोचलेली असते, आणि शिकवणे तिथून सुरू करता येते. एवढ्यासाठी मी अशी यंत्रणा उभारायला घेतली. त्यात आमचा पहिला पडदा चुकीचा आला आणि जवळजवळ एक शैक्षणिक वर्ष वाया गेले. तुमचे तसे होऊ नये म्हणून सगळ्या पायऱ्या क्रमाने लिहितो.

१. काय दाखवायचे ते आधी ठरवा

पुरवठादार पहिल्याच भेटीत "किती इंची हवा?" असे विचारतो. त्याला उत्तर देऊ नका. आधी आपल्या चित्रांत किती पिक्सेल आहेत ते कागदावर मांडा.

काचपट्टी (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी ऊतीचा पातळ काप लावलेली पट्टी) स्कॅनरवर उच्च शक्तीने स्कॅन केली, तर एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठिपका, साधारण ०.२५ मायक्रोमीटरचा असतो. पट्टीवरील ऊतीचा तुकडा १५ मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद धरला, तर चित्र ६०,००० बाय ६०,००० पिक्सेलचे, म्हणजे ३६० कोटी पिक्सेलचे होते. वर्गातील नेहमीच्या फुल एचडी प्रोजेक्टरवर एका वेळी १९२० बाय १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल मावतात. पूर्ण बारकाव्यासह ती एक पट्टी पाहायची, तर प्रोजेक्टरवर १,७०० हून अधिक वेळा चित्र सरकवावे लागेल. फोर-के रेझोल्यूशनचे (प्रत्येकी ३८४० बाय २१६० पिक्सेलचे) चार पडदे दोन-दोनच्या रचनेत जोडले, तर ७६८० बाय ४३२०, म्हणजे सुमारे ३.३ कोटी पिक्सेल मिळतात आणि तीच पट्टी सुमारे ११० दृश्यांत संपते.

सीटी स्कॅनचे गणित याच्या उलट आहे. सीटीचा एक काप सहसा ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा असतो, त्यामुळे एकच काप दाखवण्यासाठी मोठ्या पडद्याची गरज नाही. मात्र वर सांगितलेल्या भिंतीवर पंधरा रकाने आणि आठ ओळी करून १२० काप एकाच वेळी मांडता येतात. फुफ्फुसातील गाठ कोणत्या कापात उगवते आणि कोणत्या कापात मावळते हे विद्यार्थ्याला मान न हलवता दिसते. शरीररचनाशास्त्र विभागालाही सोबत घ्या, कारण अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या व्हिजिबल ह्यूमन प्रकल्पातील पुरुषदेहाचे १,८७१ आडवे छेद १९९४ पासून उपलब्ध आहेत. त्यांतील प्रत्येक छेदाचे रंगीत चित्र २०४८ बाय १२१६ पिक्सेलचे असून एक पिक्सेल प्रत्यक्ष देहातील ०.३३ मिलिमीटरएवढा आहे. पंचावन्न इंची फोर-के पडद्याचा पिक्सेल ०.३२ मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे चित्र लहानमोठे न करता जसेच्या तसे लावले की मानवी धडाचा छेद जवळजवळ नैसर्गिक आकारात दिसतो. ही योगायोगाची जुळणी आमच्या शरीररचनेच्या सहकाऱ्यांना इतकी आवडली की खोलीचा निम्मा वेळ त्यांनीच मागून घेतला.

ही कल्पना नवी नाही, हे प्रस्तावात अवश्य लिहा. शिकागोतील इलिनॉय विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक व्हिज्युअलायझेशन लॅबोरेटरीने १९९२ मध्ये पडद्यांनी वेढलेली 'केव्ह' ही खोली जगापुढे आणली. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात पॅथॉलॉजीतज्ज्ञांना पडद्यांच्या भिंतीवर काचपट्ट्या दाखवून सूक्ष्मदर्शकाशी तुलना करण्यात आली. असे आधार दिले की "वर्गात टीव्ही कशाला?" हा प्रश्न मागे पडतो.

२. खोली आणि अंतर मोजा

निरोगी डोळ्याला साधारण एका कोनीय मिनिटाएवढा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा दिसतो. व्यवहारात त्याचे सोपे सूत्र असे: पिक्सेलची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या आणि तिला ३,४३८ ने गुणा. जे अंतर येते, त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला शेजारशेजारचे दोन पिक्सेल वेगळे दिसत नाहीत.

पंचावन्न इंची फोर-के पडद्यासाठी हे अंतर सुमारे १.१ मीटर येते, आणि तेवढ्याच आकाराच्या फुल एचडी पडद्यासाठी सुमारे २.२ मीटर. म्हणजे पाच मीटरवरच्या बाकावरील विद्यार्थ्याला फोर-केचा लाभ जवळजवळ मिळत नाही. या आकड्यांवरून माझे एक ठाम मत बनले आहे: हा पडदा दीडशे विद्यार्थ्यांच्या व्याख्यानगृहासाठी नाही. दहा-बारा जणांच्या गटाने नकाशाभोवती जमावे तसे त्याच्यापुढे उभे राहायचे, जवळ जायचे, मागे यायचे, बोट ठेवायचे. म्हणून बाके नसलेली आणि पडद्यापुढे किमान तीन मीटर मोकळी जागा असलेली खोली शोधा.

चार पडद्यांची भिंत साधारण २.४ मीटर रुंद आणि १.४ मीटर उंच होते. तिची खालची कड जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर ठेवली, तर वरची कड २.१ मीटरच्या आसपास येते आणि बहुतेकांचा हात वरच्या कडेपर्यंत पोहोचतो. आमच्याकडे पहिल्या वेळी भिंत प्रोजेक्टरच्या उंचीवर लावली गेली होती, त्यामुळे वरच्या दोन पडद्यांवर कुणाला बोटच ठेवता येईना.

३. पडदे निवडताना होणाऱ्या फसगती

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून या पायरीवर थोडा थांबतो.

पहिली फसगत एलईडी भिंतीची. लग्नाच्या हॉलमध्ये आणि सभांमध्ये दिसणाऱ्या या भिंती झगझगीत असतात आणि त्यांना मधल्या पट्ट्या नसतात, त्यामुळे पाहताक्षणी मोह पडतो. पण 'पी २.५' प्रकारात दोन ठिपक्यांमधले अंतर २.५ मिलिमीटर असते. तीन मीटर रुंदीच्या अशा भिंतीत आडवे फक्त १,२०० ठिपके बसतात, म्हणजे ते साध्या फुल एचडीपेक्षाही कमी भरतात. तिच्यावर पेशीचे केंद्रक पाहायला सुमारे साडेआठ मीटर मागे जावे लागेल, आणि तिथून केंद्रकच दिसणार नाही.

दुसरी फसगत अधिक छुपी आहे आणि आम्ही तिच्यातच सापडलो. पुरवठादाराने चार पडद्यांची भिंत लावली, चित्र चारही पडद्यांवर सलग पसरले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याभराने माझ्या लक्षात आले की भिंतीच्या नियंत्रक पेटीत संगणकाकडून एकच फुल एचडी चित्र जात होते आणि पेटी तेच ताणून चार पडद्यांवर पसरवत होती. आकार चौपट झाला होता, बारकावा एका पिक्सेलनेही वाढला नव्हता. खरेदीच्या अटींत "व्हिडिओ वॉल, दोन बाय दोन" एवढेच लिहिलेले असल्यामुळे आम्हाला तक्रारही करता आली नाही. तुम्ही अटींत असे लिहा: "संगणकाच्या डेस्कटॉपचे रेझोल्यूशन ७६८० बाय ४३२० असावे आणि त्यातील प्रत्येक पिक्सेल पडद्याच्या एका स्वतंत्र पिक्सेलवर दिसावा." पैसे देण्यापूर्वी एक पिक्सेल काळा आणि एक पिक्सेल पांढरा अशा उभ्या रेघांचे चित्र लावून भिंगातून पाहा. रेघा सुट्या दिसल्या तर यंत्रणा खरी, करडा धुरळा दिसला तर चित्र ताणलेले आहे.

तिसरी गोष्ट पडद्यांच्या कडांची. भिंतीसाठी म्हणून विकले जाणारे बारीक कडांचे पडदे अनेकदा फुल एचडीच असतात, तर फोर-के पडद्यांच्या कडा थोड्या जाड असतात. माझा कौल बारकाव्याच्या बाजूने आहे, कारण जाड कडेची सवय विद्यार्थ्यांना दोन तासांत होते, पण नसलेला पिक्सेल कधीच मिळत नाही. चारही पडदे एकाच मॉडेलचे आणि शक्यतो एकाच खेपेतील घ्या, पृष्ठभाग न चकाकणारा घ्या, आणि दिवसाचे किती तास चालवण्याची मुभा हमीपत्रात आहे ते वाचा. घरगुती टीव्हीची हमी संस्थेतील वापराला बहुधा लागू होत नाही.

४. संगणक आणि केबल

चार फोर-के जोडण्या एकाच ग्राफिक्स कार्डावर असलेला संगणक सर्वांत सोपा पडतो. एनव्हिडियाच्या व्यावसायिक कार्डांतील 'मोझेक' सुविधेने चार पडद्यांचा एकच सलग डेस्कटॉप बनवता येतो, आणि एएमडीकडे त्यासाठी 'आयफिनिटी' आहे.

केबलकडे दुर्लक्ष करू नका. जुन्या एचडीएमआय १.४ जोडणीवर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते, त्यामुळे काचपट्टी सरकवताना ते अडखळते आणि पाहणाऱ्याचे डोके दुखते. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ व त्यापुढील जोडणीवर ६० वेळा मिळते. काही पडदे डीफॉल्ट मांडणीत रंगाची माहिती अर्ध्यावर आणून दाखवतात. चित्रपटात ते कळत नाही, पण हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगद्रव्यांनी रंगवलेल्या ऊतीत जांभळ्या केंद्रकाची कड गुलाबी पेशीद्रव्यात मिसळल्यासारखी दिसते. म्हणून सेटिंगमध्ये रंगाची मांडणी ४:४:४ (रंगाची माहिती न घटवणारी) ठेवा. संगणक शेजारच्या खोलीत ठेवायचा असेल आणि अंतर पाच मीटरच्या पुढे जात असेल, तर साध्या तांब्याच्या केबलऐवजी ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय केबल घ्या.

५. चौकट, वीज आणि पावसाळा

आपल्या भागातील जुन्या इमारती अनेकदा जांभ्या दगडाच्या आहेत. सच्छिद्र चिऱ्यात बोल्ट भरवशाने धरत नाही, म्हणून भिंतीवर न टांगता जमिनीवर उभी राहणारी लोखंडी चौकट करून घ्या. बेळगावातील उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या कारखान्यांत असे काम चोख होते, फक्त मापे मिलिमीटरमध्ये द्या आणि प्रत्येक पडदा वर-खाली, पुढे-मागे किंचित सरकवता येईल अशी लांबट भोके पाडायला सांगा. चौकटीमागे माणूस शिरेल एवढी जागा सोडा, नाहीतर एक केबल बदलायला चारही पडदे उतरवावे लागतात.

विजेचा हिशेब असा करा: पडद्याला प्रत्येकी २०० वॅट आणि संगणकाला ५०० वॅट धरले, तर एकूण १,३०० वॅट होतात. त्यासाठी ३ केव्हीएचा यूपीएस पुरेसा होतो आणि थोडी मोकळीकही राहते. खोलीचे अर्थिंग विद्युत विभागाकडून मोजून घ्या आणि त्याचा आकडा लेखी ठेवा. बेळगाव-खानापूरकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जून ते सप्टेंबर या काळात ओल भिंतीतून येते, म्हणून बाहेरच्या भिंतीला लागून चौकट उभी करू नका.

६. लागणारी कागदपत्रे

शासकीय संस्थांना कर्नाटक सार्वजनिक खरेदी पारदर्शकता अधिनियम, १९९९ लागू होतो. खासगी संस्थांचे नियम वेगळे असले, तरी फाईल याच क्रमाने लावली तर अडत नाही:

- विभागाची मागणी आणि कोणत्या विषयांचे कोणते तास पडद्यावर होणार त्याचा तक्ता
- तांत्रिक अटी (पायरी ३ मधील वाक्य शब्दशः)
- खोलीचा आराखडा आणि विद्युत भाराला मंजुरी
- पुरवठादारांची दरपत्रके, जीएसटी नोंदणी, हमी आणि देखभालीचा करार
- रुग्णांच्या प्रतिमा वापरण्याबाबत संस्थेच्या नैतिकता समितीचे पत्र
- स्वीकृती-चाचणीचा नमुना, ज्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या होतील

राज्य शासनाच्या कार्यालयाकडे जाणारे पत्र कन्नडमध्ये लागते. ते ज्यांच्याकडून लिहून घ्याल, त्यांना आधी यंत्रणा नीट समजावून सांगा. आमच्या पहिल्या पत्रात भाषांतर करताना "मोठा टीव्ही" असे आले आणि फाईल शेरा मारून परत आली. दुसऱ्या वेळी कन्नड विषयाच्या एका सहकाऱ्याला प्रत्यक्ष काचपट्टी दाखवली, त्यांनी अर्धे पान स्वतः लिहून दिले, आणि ते पत्र एका फेरीत मंजूर झाले.

७. सॉफ्टवेअर आणि चित्रे

स्कॅन केलेली पट्टी 'पिरॅमिड' पद्धतीने साठवलेली असते: तळाशी पूर्ण बारकावा, वर क्रमाक्रमाने लहान केलेल्या प्रती, आणि प्रत्येक प्रत छोट्या चौकोनांत कापलेली. त्यामुळे अनेक जीबीची फाईलही झटकन उघडते, कारण पडद्यावर लागतात तेवढेच चौकोन वाचले जातात. या फाईली उघडण्यासाठी ओपनस्लाइड, पाहण्या-मोजण्यासाठी क्यूपाथ, आणि सीटी-एमआरआयसाठी थ्रीडी स्लायसर ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. अनेकांनी आपापल्या लॅपटॉपवरून एकाच भिंतीवर चित्रे टाकायची असतील, तर इलिनॉयच्याच प्रयोगशाळेतून आलेले 'सेज टू' ब्राउझरमधून चालते. ते बसवायला संगणक अभियांत्रिकीचे विद्यार्थी सोबत घ्या. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे, त्याचा उपयोग करून घ्या.

स्कॅनर नाही म्हणून थांबू नका. नेदरलँड्समधून प्रसिद्ध झालेला कॅमेलिऑन हा स्तनकर्करुग्णांच्या लसिकाग्रंथींच्या काचपट्ट्यांचा संग्रह खुला आहे, आणि कॅन्सर इमेजिंग आर्काइव्हमधून सीटी-एमआरआयच्या मालिका उतरवून घेता येतात.

८. रुग्णाची ओळख पुसा

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये आला, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे त्याआधीपासून आहेत. नाव काढले की काम झाले असे समजू नका. डायकॉम (वैद्यकीय प्रतिमा साठवण्याचे प्रमाणित स्वरूप) फाईलच्या शीर्षभागात नाव, जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक असतात. सोनोग्राफीच्या चित्रात तर नाव चित्रावरच उमटलेले असते, ते वेगळे झाकावे लागते. काचपट्टीच्या स्कॅनमध्ये पट्टीवरच्या चिकटपत्राचा फोटोही त्याच फाईलमध्ये दडलेला असतो, आणि तो भिंतीवर एका क्लिकसरशी हातभर मोठा होऊन उघडतो. हे मी पाहिले आहे, त्यामुळे आता फाईल भिंतीपर्यंत येण्याआधी ते चित्र काढून टाकतो.

सीमाभागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. आपल्या रुग्णालयांत चंदगड, गडहिंग्लज, खानापूर, हुक्केरी इथून रुग्ण येतात, आणि विद्यार्थीही त्याच गावांतले असतात. दुर्मीळ आजारासोबत गावाचे नाव आणि वय सांगितले, तर वर्गातील कुणीतरी त्या रुग्णाला ओळखतो. केस सांगताना गाव गाळा.

९. रंग आणि उजेड जुळवा

पडद्याच्या मेनूतील 'व्हिव्हिड', 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट', 'शार्पनेस' आणि 'नॉइज रिडक्शन' हे सगळे बंद करा. शार्पनेसमुळे केंद्रकाभोवती नसलेली पांढरी कड दिसते आणि विद्यार्थी तिला लक्षण समजून वहीत उतरवतात. चारही पडद्यांचे रंगतापमान ६,५०० केल्विनवर आणि तेजस्विता सारखी ठेवा. समोरच्या खिडकीला जाड पडदा लावा.

क्ष-किरण चित्रांसाठी करड्या छटांचे प्रमाण डायकॉमच्या १४ व्या भागात ठरवून दिले आहे, आणि निदानासाठीचे पडदे त्यानुसार जुळवलेले असतात. आपली भिंत तशी नसते. म्हणून दारावर स्पष्ट पाटी लावा की इथे शिकवणे आणि संशोधन होईल, रुग्णाचे निदान होणार नाही.

१०. पहिला तास आणि पहिले संशोधन

पहिल्या तासाला एकच पट्टी घ्या. मी तोंडाच्या कर्करोगाची घेतो, कारण निपाणीच्या तंबाखूपट्ट्यातून आलेल्या मुलांनी हा आजार घरात किंवा गल्लीत पाहिलेला असतो आणि ती मन लावून पाहतात. आधी संपूर्ण ऊती दाखवा आणि दहा मिनिटे स्वतः काही बोलू नका. प्रत्येकाला आपल्या भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, काय वेगळे दिसते ते बोट ठेवून सांगू द्या. मग आत शिरा आणि 'केराटिन पर्ल' (या कर्करोगात दिसणारा केराटिनचा मोत्यासारखा गोल पुंजका) हे नाव शेवटी द्या. पडद्यावर "चाळीसपट" असे म्हणू नका. पूर्ण बारकाव्याला आपल्या भिंतीवर ऊती प्रत्यक्षात बाराशेपटीहून मोठी दिसते आणि सात मायक्रोमीटरची तांबडी पेशी हरभऱ्याच्या दाण्याएवढी होते. कोपऱ्यातील मोजपट्टी कायम चालू ठेवा आणि आकार तिच्यावरूनच सांगायची सवय लावा.

संशोधनासाठी एक गोष्ट फार उपयोगाची आहे. पूर्ण बारकाव्याला ७६८० बाय ४३२० पिक्सेलच्या भिंतीवर ऊतीचा १.९२ बाय १.०८ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर २ चौरस मिलिमीटर भाग मावतो. पचनसंस्थेच्या न्यूरोएंडोक्राइन गाठींची (संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या गाठींची) श्रेणी ठरवताना पेशीविभाजनांचा आकडा २ चौरस मिलिमीटरमागेच सांगतात, मोजणी मात्र एकूण १० चौरस मिलिमीटरवर करतात. म्हणजे मोजणीचे संपूर्ण क्षेत्र भिंतीवर पाचच दृश्यांत संपते, आणि तीन निवासी डॉक्टर स्वतंत्रपणे खुणा करून आपापले आकडे ताडून पाहू शकतात. पदव्युत्तर प्रबंधासाठी हा विषय आपल्या आवाक्यातला आहे.

मात्र इथे एक सापळा आहे. सलग चित्र दिसावे म्हणून सॉफ्टवेअर कडेमागचा भाग 'लपलेला' धरून चित्र जुळवते, त्याला बेझल करेक्शन म्हणतात. सीटीतील हाड किंवा देहाचा छेद दाखवताना ते हवेच, नाहीतर हाड कडेपाशी मोडल्यासारखे दिसते. पण पेशी मोजताना ते चालू राहिले, तर कडेमागे गेलेल्या पेशी मोजल्याच जात नाहीत. मोजणीपूर्वी ते बंद करा आणि बंद केल्याची नोंद वहीत करा.

११. देखभाल

कंपनीचा अभियंता बहुधा बेंगळुरूहून येतो, आणि तो येईपर्यंत आठवडा जातो. म्हणून एक जादा केबल, पडद्यांचे रिमोट आणि सेटिंगचे मोबाईलवर काढलेले फोटो कपाटात ठेवा. पावसाळ्यात आणि मोठ्या सुट्टीतही आठवड्यातून दोनदा यंत्रणा तासभर चालवा. एकच चित्र रात्रभर लावून ठेवू नका. दर सहा महिन्यांनी पायरी ३ मधील काळ्या-पांढऱ्या रेघांचे चित्र पुन्हा लावून पाहा, कारण आमच्याकडे संगणकाच्या एका अद्ययावतीकरणानंतर रेझोल्यूशन गुपचूप खाली गेले होते आणि ते दोन महिने कुणाच्याही ध्यानात आले नव्हते. हे चित्र डेस्कटॉपवरच ठेवा आणि वहीत तारीख व पाहणाऱ्याची सही असे दोन रकाने आखून घ्या.